मधली वाट

नवं राज्य झालं त्या वर्षी रायपुरात रिकामी जागा म्हणून उरली नाही. ज्यांच्या घराला वरचा मजला होता त्यांनी तो भोपाळहून आलेल्या साहेबांना भाड्याने दिला, ज्यांना नव्हता त्यांनी बांधायला काढला. शंकर नगरच्या गल्ल्यांत लाल दिव्याच्या गाड्या शिरू लागल्या, आणि दारावरची भाजीवालीसुद्धा "अब राजधानी हे दीदी" म्हणत टमाट्याचा भाव चढवू लागली. सरकारला बसायला छप्पर हवं होतं. शाळा घेतल्या, वसतिगृहं घेतली, आणि पुरानी बस्तीच्या अंगाला असलेला जुना जनाना दवाखानाही घेतला. बायका-बाळांना आठवड्याभरात दुसरीकडे हलवलं, खाटा काढल्या, भिंतींना चुना मारला, आणि दारावर एका नव्या संचालनालयाची पाटी लागली.

डॉक्टर सुनीती हिशीकरला तेव्हाच राग आला होता. ती डॉक्टरकीच्या पोरांना शरीरक्रियाशास्त्र शिकवायची. कशालाही आधी पुरावा मागायची आणि मिळाला नाही की चिडायची.

"दवाखाना हटवून दप्तर थाटलं! उलटं कधी केलं का कोणी?" ती जेवताना म्हणाली.

घरात मात्र त्या दिवशी आनंद होता. तिच्या धाकट्या जावेला, शर्मिष्ठाला, त्याच दप्तरात टायपिस्टची नोकरी लागली होती आणि फळीवर पेढ्यांचा डबा होता.

शर्मिष्ठा गोंदियाची. हसरी, खाऊनपिऊन सुखी, उशीला डोकं टेकलं की झोपणारी. दिवाळीनंतर ती नोकरीवर रुजू झाली आणि होळीपर्यंत तिच्यात काहीतरी बदललं. आधी लहान लहान गोष्टी. कुकरची शिट्टी झाली की तिच्या हातातली पळी पडायची. तळहात सदा ओले. मग झोप गेली. चेहरा सुजल्यासारखा गोल झाला आणि दंड मात्र काटकुळे. दूध गॅसवर ठेवून ती अंगणात जाऊन उभी राहायची, दूध जळाल्याचा वास आला की सगळ्यांबरोबर तीही विचारायची, "कोणी ठेवलं होतं वं हे?"

"थायरॉइड असेल," सुनीती म्हणाली, आणि व्हरांड्यात बसवून तिने स्वतः तिचं रक्त काढलं.

थायरॉइड नव्हतं. दुसरंच काही होतं. माणूस संकटात सापडला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी एक हार्मोन सोडतात. रोज सकाळी ते थोडं चढलेलं असतंच, कारण उठून दिवसाला तोंड द्यायचं असतं. दिवस कलला की ते उतरतं. शर्मिष्ठाचं उतरतच नव्हतं. ते उतरवणारी गोळी देऊन सुनीतीने पुन्हा तपासणी करवली. तरी नाही. नागपूरला नेऊन डोक्याचे, पोटाचे फोटो काढले. कुठे गाठ नाही, सूज नाही.

शर्मिष्ठाचा नवरा भार्गव रेल्वेत होता. तो साधा माणूस. फोटोंचं पाकीट मांडीवर धरून त्याने विचारलं, "वहिनी, मले समजेल असं सांगा ना. हिले झालं काय?"

"आपल्या मेंदूत आठवणीचं एक केंद्र असते, भार्गव. कानाच्या आतल्या बाजूले. समुद्रघोड्यासारखं दिसते म्हणून त्याचं नावही तसंच ठेवलं. काय घडलं, कुठं घडलं, ते तिथं जमा होते. पण त्याले आणखी एक काम आहे. भीती वाटली का शरीर बोंब मारते. मग हे केंद्र बघते, ओळखते, आन् सांगते का बाबा, झालं, गेलं ते. आता थांब. तेव्हा कुठं ते हार्मोन खाली येते."

"मग हिच्यात काहून नाही सांगून राहिलं?"

"तेच मले समजून नाही राहिलं. आन् हे असंच चालू राहिलं तर ते हार्मोन त्या केंद्रालेच खाते. मग इसरणं वाढते. मग थांब म्हणणारंच कोणी राहत नाही."

भार्गवने पाकीट बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "पण ही भिऊन कायले राहिली? हिले तं काहीच झालं नाही."

पुढच्या आठवड्यात शर्मिष्ठा दप्तरातल्या रूपालीला घेऊन आली. रूपालीचेही तळहात ओले. मग रामकृष्णबाबू आले, रिटायर व्हायला टेकलेले जुने कारकून. त्यांना आपल्या नातवाचं नाव आठवेना. मग आणखी दोघं, मग आणखी. सुनीती रक्त काढत होती, बर्फाच्या डब्यात घालून नागपूरच्या गाडीने पाठवत होती. उत्तर सगळ्यांचं एकच. आणि ही सगळी माणसं एकाच दालनातली होती. व्हरांड्यापलीकडे, तिथलंच पाणी पिणारे, त्याच टपरीवरचा चहा घेणारे लोक ठणठणीत होते.

ती सगळे रिपोर्ट घेऊन संचालकांना भेटली. श्यामकांत सरवटे, भोपाळहून आलेले. मराठी माणूस आहे, आपलं ऐकेल, असं तिला वाटलं होतं. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि रिपोर्टांवर काचेचा पेपरवेट ठेवून दिला.

"डॉक्टर, असं आहे, बायका एकत्र बसल्या की एकीचं दुसरीला लागतं."

"त्यात पुरुषही आहेत."

"मग ते कामचुकार आहेत. भोपाळला जायचं नाही म्हणून इथे राहिले, आता इथेही काम नको."

"साहेब, माणूस सोंग आणू शकतो. रक्ताला सोंग आणता येत नाही."

सरवटे हसले. "राज्य नवं आहे. सगळेच सोसतायत. खोली बदलायची तर आधी दुसरी खोली लागते. आणि कारण काय लिहू? भीती वाटते म्हणून?"

तिची कानशिलं तापली. दुसऱ्या दिवशी त्या दालनातल्या प्रत्येकाला कामात हयगय केल्याबद्दल नोटीस मिळाली. शर्मिष्ठाने ती घरी आणली आणि कुठे ठेवली ते विसरून गेली.

आता सुनीती इरेला पेटली. भिंतीच्या रंगात काही असेल, चुन्यात असेल, एखाद्या औषधाचा साठा जमिनीखाली राहिला असेल. तिने कॉलेजात रजा टाकली आणि जावेच्या सोबतीला म्हणून दालनात जाऊन बसली. सरवटे दौऱ्यावर होते. भैय्यालाल चपराशाने तिला अडवलं नाही. तो उंबऱ्याबाहेरूनच चहाचा ट्रे आत सरकवत होता.

दालन लांबलचक होतं. छत उंच, त्यात मच्छरदाण्यांचे आकडे तसेच राहिलेले. खांद्याच्या उंचीपर्यंत हिरवट तैलरंग चुन्यातून वर येत होता. फरशीवर खाटांच्या पायांनी पाडलेले खळगे होते, आणि पंखे-दिवे त्याच बेताने लावलेले म्हणून टेबलंही दोन्ही बाजूंना, खाटांच्याच जागी मांडली होती. मधून सरळ वाट. वाटेच्या या टोकाला दोन झडपांचं दुपाखी सागवानी दार. त्या टोकाला कधीकाळी दुसरं दार असावं, ते आता विटांनी बुजवून त्यावर नव्या राज्याचा नकाशा टांगला होता. फिनेलचा वास होता. दप्तरात फिनेल वापरत नाहीत असं रूपाली म्हणाली.

सुनीती बाजूच्या खिडकीच्या रुंद कट्ट्यावर बसली. तिथून सगळं दिसत होतं. सकाळ गेली. टाइपरायटरांचा खडखडाट, कागदांची सळसळ, कोणाचा तरी खोकला. जेवणं झाली. उन्हं खिडकीतून टेबलांवर आली.

मग नकाशाजवळच्या टेबलावरच्या माणसाने लिहिता लिहिता पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सुनीतीने सहज पाहिलं. त्याच्यापुढच्या टेबलावरच्या बाईने पदर आवरून मांडीत घेतला आणि मान खाली घातली. समोरच्याने वाटेत आलेली कागदाची टोपली पायाने आत सरकवली. त्यानंतरचे दोघं. त्यानंतर रामकृष्णबाबू, त्यांनी खुर्ची आत ओढली, कोटाचं टोक आवरलं, डोळे मिटले. एकामागून एक, दोन्ही बाजूंनी, नकाशाकडून दाराकडे. दवाखान्यात काही ढकलत आणत असले की नातेवाईक जशी वाट करून देतात, तशी.

सगळ्यात शेवटी, दाराशी, शर्मिष्ठा. तिने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले आणि ती तशीच राहिली. इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ. दाराची दोन्ही पाखं बंद होती.

मग तिने पाय खाली सोडले आणि टाइप करू लागली. सगळं दालन पुन्हा खडखडू लागलं. मधल्या वाटेत काहीही नव्हतं.

सुनीती कट्ट्यावरून उतरली. "शर्मिष्ठा, तू आत्ता पाय काहून वर घेतले?"

"कोणते पाय?"

"तुझे. आत्ता."

"ताई, मी तं टाइप करून राहिली. पाहा ना, अर्धं पान झालं."

रामकृष्णबाबूंनी चष्मा पुसत सांगितलं, "मॅडम, इथं कोणी हाललं नाही." त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते. रूपालीची नाडी सुनीतीने धरली. ती धावून आल्यासारखी पळत होती.

परत येताना रिक्षात सुनीतीला भार्गवचा प्रश्न आठवला: ही भिऊन कायले राहिली? शरीर रोज काहीतरी पाहत होतं, रोज त्याला वाट देत होतं. डोक्यात त्याचा मागमूस राहत नव्हता. जे घडलंच नाही, ते संपलं म्हणून कोण सांगणार? थांब म्हणणारा तिथे बसलेला होता, पण त्याला कोणी काही कळवतच नव्हतं. सगळी माणसं दुपारच्या त्या एका क्षणात अडकून राहिली होती. यातलं काही पाठ्यपुस्तकात नव्हतं. तिला स्वतःचाही राग आला, की आपण हे असलं काही खरं मानतो आहोत.

शनिवारी शाळेतून फोन आला. शर्मिष्ठा आपल्या मुलीला, श्रावणीला, घ्यायला गेली होती. फाटकात उभी होती, पोरं बाहेर येत होती. श्रावणी "आई" म्हणून येऊन बिलगली, आणि शर्मिष्ठाने बाईंना विचारलं होतं, "ही कोणाची पोट्टी आहे हो?"

श्रावणी घरी आल्यावर रडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. ते पाहून सुनीतीच्या डोक्यात रक्त चढलं. सोमवारी ती सरवट्यांच्या केबिनमध्ये चिठ्ठी न पाठवता शिरली.

"चला."

"कुठे? डॉक्टर, ही काय पद्धत..."

"तुमच्या दालनात. तुम्ही त्या लोकांना चोर ठरवलं. ते कुठं बसतात ते पाहिलं तरी आहे का? आज दुपारभर बसा. काही नाही झालं तर मी हात जोडून माफी मागते आन् पुन्हा इथं पाय ठेवत नाही."

व्हरांड्यात लोक जमले होते. माणूस भित्रा दिसायला तयार नसतो. सरवटे उठले. त्यांच्यासाठी मधल्या वाटेतच हातांची खुर्ची मांडली गेली, आणि साहेब बसले म्हटल्यावर ते भाषण करू लागले. सुनीती आपल्या कट्ट्यावर जाऊन बसली.

ते नवीन राज्याबद्दल बोलले. जबाबदारीबद्दल बोलले. उन्हं टेबलांवर आली.

"आणि तुम्ही हे लक्षात घ्या," सरवटे म्हणत होते, "की शासनालाही काही..."

नकाशाजवळच्या माणसाने पाय ओढून घेतले.

सरवटे थांबले. उठले. जड खुर्ची दोन्ही हातांनी उचलून त्यांनी भिंतीशी नेली आणि तिच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, मान खाली घालून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. शर्मिष्ठाने पाय वर घेतले, खूप वेळाने खाली सोडले.

सरवटे त्या भिंतीशीच्या खुर्चीत बसले.

"...मर्यादा आहेत," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "ही खुर्ची इकडे कोणी आणली?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी रुमाल काढला. तळहात पुसले, ते पुन्हा ओले झाले.

दोन दिवसांत हुकूम निघाला. दालनाचं छत धोकादायक असल्यामुळे ते रिकामं करण्यात येत आहे. माणसांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. सरवटे रजेवर भोपाळला गेले.

पावसाळा संपेपर्यंत शर्मिष्ठा बरी झाली. आधी झोप आली. मग एका सकाळी तिने दुधावर लक्ष ठेवलं, दूध वर येताच गॅस बंद केला आणि स्वतःशीच हसली. श्रावणी तिच्या कुशीत झोपू लागली. नागपूरहून आलेला रिपोर्ट सुनीतीने दोनदा वाचला. हार्मोन सकाळी चढत होतं, संध्याकाळी उतरत होतं. ती ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "झालं. गेलं ते."

तरी तिचा राग गेला नव्हता. हयगयीच्या नोटिसा अजून मागे घेतल्या नव्हत्या. या माणसांनी काहीही चूक केली नव्हती, हे कोणीतरी सही करून सांगायला हवं होतं. म्हणून एका दुपारी ती शर्मिष्ठाला घेऊन पुन्हा तिथे गेली. शर्मिष्ठा आवारात यायला तयार नव्हती. ती रस्त्यापलीकडे रिक्षातच बसून राहिली.

नव्या साहेबांनी ऐकून घेतलं. "डॉक्टरसाहिबा, जो हो गया सो हो गया. अब उसको क्या छेड़ना?"

"असं कसं? झालंच नाही म्हणायचं सगळ्यांनी? बारा-पंधरा माणसं मरणाच्या दारात जाऊन आली, आन् झालंच नाही?"

"रेकॉर्ड में तो छत का मामला है."

ती तडक बाहेर पडली. व्हरांड्यात मजुरांची गडबड होती. दालनातलं उरलेलं सामान हलवत होते. लोखंडी कपाट दारातून निघेना, म्हणून त्यांनी सागवानी दाराची दोन्ही पाखं बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. सुनीतीने ते जाता जाता पाहिलं. रागाच्या भरात त्याचा तिने काही विचार केला नाही.

ती फाटकाच्या मधोमध पोचली तेव्हा मागचा आरडाओरडा एकदम थांबला. तिने वळून पाहिलं.

मजुरांनी कपाट खाली ठेवलं होतं. चौघेही भिंतीला पाठ लावून उभे होते, मान खाली.

व्हरांड्याच्या पायऱ्यांवर भैय्यालाल चहाचा ट्रे घेऊन चढत होता. तो एका बाजूला झाला.

आवारातल्या नळावर एक बाई पाणी भरत होती. तिने वाटेतली घागर उचलून काखेत घेतली.

सायकल घेऊन निघालेला एक कारकून गवतात सरकला.

त्याच्यानंतर तिच्यापर्यंत कोणीच नव्हतं. मोकळी, ऊन पडलेली वाट होती. फिनेलचा वास आला.

सुनीती रस्त्याकडे बघत होती.

ती फाटकाच्या खांबाला चिकटून उभी होती. पाठीला खांबाचा दगड टोचत होता. समोर रस्त्यावर फळांची हातगाडी बाजूला झाली. तिच्यापुढचा स्कूटरवाला बाजूला झाला. मग एक म्हातारा, नातवाला घेऊन. मग दूर चौकात बसची वाट पाहणारी गर्दी मधून दुभंगली आणि पुन्हा मिळाली. कोणी मागे वळून पाहिलं नाही. हातगाडीवाला पेरू रचू लागला.

तिचं काळीज धडधडत होतं. कशाने, ते तिला आठवेना. मघाशी भांडण झालं, त्याने असेल.

शर्मिष्ठा रिक्षातून उतरून धावत रस्ता ओलांडत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने सुनीतीचा हात धरला.

"ताई, तुम्ही कोणाले म्हटलं ते?"

"काय म्हटलं?"

"आत्ता. हात जोडून म्हटलं ना तुम्ही. 'तुम्ही व्हा पुढे, मी येतेच.'"